मैत्रीची कादंबरी, चौदाव्या वर्षात उभं राहून लिहिलेली

नववीच्या एका वर्गात मी माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवत होते. दोन मैत्रिणी, बीड जिल्ह्यातली एक वाडी, दिवाळीची सुट्टी. वाचता वाचता वाक्य आलं, "तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होतं, की ही आमची शेवटची दिवाळी आहे." दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर न करताच म्हणाली, "ताई, हे तिला कसं कळलं? ती तर अजून नववीत आहे ना?"

मी सांगितलं, ती मोठी झाल्यावर आठवून सांगतेय.

"मग ती आमची नाही," मुलगी म्हणाली आणि वहीच्या कोपऱ्यात काहीतरी गिरवायला लागली.

घरी येऊन मी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. किशोरांसाठी लिहायला बसलेली आपण मोठी माणसं ते वय आठवून लिहितो. आठवणीतलं वय धुऊन-पुसून स्वच्छ झालेलं असतं आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं. नववीतल्या मुलीला मात्र शनिवारी मैत्रीण बोलेल की नाही, हेसुद्धा माहीत नसतं. मैत्रीची कादंबरी त्या न कळण्यावर उभी राहते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरण म्हणून माझ्याच कादंबरीतल्या दोघी घेते. अश्विनीच्या वडिलांचं वाडीत किराणा दुकान आहे. रेखाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात.

पहिली पायरी: आधी साल ठरवा, मग महिना

"किशोरवयीन मुलं" अशी मोघम माणसं घेऊन कथा लिहिता येत नाही. आठवीतला मुलगा आणि अकरावीतला मुलगा ही दोन वेगळी माणसं आहेत. एकाला वर्गातली उंची छळते, दुसऱ्याला कॉलेजला जायच्या गाडीभाड्याची चिंता असते. म्हणून इयत्ता ठरवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साल ठरवा.

सालावर फोन ठरतो आणि फोनवर आजची निम्मी मैत्री ठरते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेट वाड्यावस्त्यांवर पोहोचलं. त्याआधीच्या गोष्टीत रुसलेली मैत्रीण उद्या शाळेत भेटेपर्यंत थांबावं लागतं. त्यानंतरच्या गोष्टीत ती रात्री अकराला ऑनलाइन दिसते आणि उत्तर देत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या दीड-दोन वर्षांची कथा लिहायची तर घरात फोन किती, तो दिवसा कोणाच्या खिशात असतो आणि रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, एवढ्या तीन गोष्टींतून अर्धं कथानक निघेल.

साल पक्कं झालं की त्या सालचं कॅलेंडर समोर ठेवा. शाळेचं वर्ष हा लेखकाला आयता मिळालेला सांगाडा आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी उशिरा. मग कोकणात गणपतीची सुट्टी, सगळीकडे सहामाही, दिवाळी, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग आणि सहल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. त्यानंतर निकाल आणि अकरावीचा प्रवेश, जिथे एका बाकावरचे तिघं सायन्स, कॉमर्स आणि आयटीआय अशा तीन दिशांना जातात. २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. म्हणजे आता खेड्यातल्या मुलांची ताटातूटही कॅफेतल्या संगणकावर, कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना होते. तो पसंतीक्रम भरण्याचा प्रसंग कोणीतरी नीट लिहायला हवा. "आपण एकच कॉलेज टाकू" असं ठरवून गेलेल्या दोघांपैकी एकजण गुपचूप वेगळं कॉलेज पहिलं टाकतो, यात अख्खी कादंबरी आहे.

कॅलेंडरने माझी मोठी चूक पकडून दिली. कथा मी २०१८-१९ च्या शैक्षणिक वर्षात ठेवली होती, कारण २०१८ चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वर्षी दसरा १८ ऑक्टोबरला होता, लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शेतात काही नसलेल्या वर्षी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली टोळी दसरा झाला की निघते. म्हणजे ज्या दिवाळीचा मी एवढा हळवा प्रसंग लिहिला होता, त्या दिवाळीत रेखा वाडीत असणारच नव्हती. ती सांगलीकडे कुठल्यातरी उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत असणार. प्रसंग काढून टाकला आणि त्याजागी लक्ष्मीपूजनाच्या रात्री अश्विनी दुकानातल्या फोनकडे बघत बसते, एवढंच ठेवलं. कादंबरीतलं ते सगळ्यात चांगलं पान झालं.

दुसरी पायरी: दोघींमधली देवाणघेवाण लिहून काढा

"त्या जिवलग मैत्रिणी होत्या" या वाक्याने वाचकाला काहीही दिसत नाही. मैत्री रोजच्या व्यवहारात असते. वहीच्या दोन पानांवर दोन रकाने आखा. एका बाजूला अश्विनी रेखाला काय देते, दुसऱ्या बाजूला रेखा अश्विनीला काय देते. भावना लिहू नका, वस्तू आणि कामं लिहा.

माझी यादी अशी झाली. अश्विनी इंग्रजीचा गृहपाठ देते, दुकानातून पेनाची कांडी देते, रेखा नसताना तिच्या वहीत धडे उतरवून ठेवते. रेखा तिला ओढ्यापलीकडच्या कुत्र्यांपासून सांभाळते, कबड्डीत आपल्या बाजूला घेते, पाळी पहिल्यांदा आली तेव्हा शाळेच्या मागच्या बाजूला उभी राहून पहारा देते आणि कोणाला सांगत नाही.

यादी झाली की बघा, कोणाचं देणं मोजता येतं आणि कोणाचं येत नाही. अश्विनी जे देते ते सगळं दिसतं, त्याची किंमत सांगता येते. रेखा जे देते त्याला किंमत लावता येत नाही. कधीतरी रागाच्या भरात अश्विनी म्हणणार, "मी तुला किती दिलं!" आणि रेखाकडे उत्तर नसणार. भांडण कशावरून होईल ते शोधायला तुम्हाला वेगळं बसावं लागणार नाही, ते या दोन रकान्यांतच लिहिलेलं असतं.

मुलगा आणि मुलगी यांची मैत्री घेतलीत तरी हेच करा. एसटीच्या पासाचं उदाहरण बघा. मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे, मुलांना पासाचे सवलतीत का होईना, पैसे भरावे लागतात. महिन्याच्या सुरुवातीला ज्याचा पास निघालेला नाही असा मुलगा आणि जिला तो प्रश्नच कधी पडत नाही अशी मुलगी, थांब्यावर शेजारी उभे आहेत. तो म्हणतो, "आज मी चालत जाणारे, मजा येते." हे वाक्य खोटं आहे हे तिला कळतं का आणि कळलं तर ती काय करते, यावर ती कोण आहे ते ठरेल.

तिसरी पायरी: निवेदकाला त्याच्या वयापेक्षा जास्त कळू देऊ नका

सगळ्यात अवघड पायरी ही आहे. हिच्यासाठी वेळ राखून ठेवा, बाकीच्या नंतर निभावतात.

माझ्या पहिल्या खर्ड्यात रेखा गाव सोडते तो प्रसंग असा होता:

"निरागस मैत्रीचे ते सोनेरी दिवस होते. रेखाच्या डोळ्यांत मला गरिबी कधी दिसली नाही, दिसली ती जगण्याची उमेद. ट्रॅक्टर दूर जात होता आणि माझं बालपणही."

यातला एकही शब्द अश्विनीचा नाही. निरागस माणसाला आपण निरागस आहोत हे माहीत नसतं. "गरिबी", "उमेद", "बालपण" हे शब्द बाहेरून बघणाऱ्याचे आहेत. मी या तीन वाक्यांतला प्रत्येक भाववाचक शब्द खोडला आणि स्वतःला विचारलं, त्या सकाळी अश्विनीच्या हाताला काय लागलं? नजरेला काय पडलं? दुसरा खर्डा असा झाला:

"रेखाचं दप्तर मऊ लागत होतं. मी म्हणलं, पुस्तकं कुठंयत? म्हणाली, मामीकडं ठिवलेत. मग ह्यात काय? तिनं चेन उघडली. दोन ड्रेस, तवा पुसायचं फडकं, मिठाची पुडी. वर कंपासपेटी.

'ही कशाला?'

'राहू दे. कर्कटकानं हातातले काटे निघतेत.'

ट्रॅक्टर सुरू झाला. मला एकदम आठवलं की सोमवारी भूमितीचा तास आहे आणि माझं कर्कटक मोडलंय."

शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. ते स्वार्थी वाटतं. मैत्रीण सहा महिन्यांसाठी जाते आहे आणि हिला कर्कटक आठवतं! पण चौदाव्या वर्षी मोठं दुःख असंच, छोट्या सोयी-गैरसोयीच्या वाटेने आत येतं. अश्विनीला अजून कळलेलं नाही की तिला रडायचं आहे. वाचकाला कळलं आहे. वाचक निवेदकाच्या अर्धं पाऊल पुढे असला की तो पान उलटतो. निवेदकच पुढे जाऊन अर्थ सांगायला लागला, की वाचकाला करण्यासारखं काही उरत नाही.

सरावासाठी एक काम करा. तुमच्या खर्ड्यात "तेव्हा", "त्या वयात", "आता कळतं", "नकळत", "कोवळं" हे शब्द शोधा आणि प्रत्येकाखाली रेघ मारा. त्यातले बहुतेक शब्द म्हणजे तुम्ही स्वतः पात्राच्या खांद्यावरून डोकावलेल्या जागा आहेत. प्रसंग वर्तमानात घडतोय असं समजून ते वाक्य पुन्हा लिहा. आठवून सांगणारा निवेदक वापरूच नये असं नाही, पण ते प्रौढांसाठीचं पुस्तक होतं. मुलं ते वाचतील, आदर करतील आणि त्यात शिरणार नाहीत.

चौथी पायरी: बोली आणि हाका

मुलांच्या बोलण्यातले नवे शब्द गोळा करून पानभर पेरायचे, हा मोह टाळा. "भावा", "लोड घेऊ नको", "सीन झाला" हे शब्द पुस्तक छापून येईपर्यंत शिळे होतात. टिकते ती वाक्याची चाल. कोण वाक्य अर्धवट सोडतं, कोण प्रत्येक गोष्टीला आधी "नाही" म्हणतं, कोणाच्या तोंडी "म्हणजे" सारखं येतं. एसटीत, क्लासच्या जिन्यावर, वडापावच्या गाडीपाशी कान उघडे ठेवा आणि घरी येऊन ऐकलेल्या वाक्यांची लय लिहा. खऱ्या मुलांची गुपितं मात्र तशीच्या तशी उचलू नका, त्यांचा तो विश्वास आहे.

बोली नुसती चवीपुरती वापरू नका, तिला कथेत काम द्या. मराठवाड्यात "काय करायलीस?" म्हणणारी रेखा सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे राहून आली, की तिच्या तोंडी "बघ की", "हाय की" येणारच. एप्रिलमध्ये परत आल्यावर ती पहिलं वाक्य बोलते आणि शेवटी "की" लावते. अश्विनीला ते खटकतं. का खटकलं ते तिला सांगता येत नाही. मैत्रिणीच्या तोंडात आपल्याला माहीत नसलेल्या माणसांची भाषा आली, ही मत्सराची सुरुवात आहे आणि त्यासाठी मत्सर हा शब्द लिहायची गरजच पडली नाही.

हाकांकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे मैत्रीचा पारा हाकेवर कळतो. जवळ असताना "रेखे", "आशे". जरा बिनसलं की "रेखा". फार बिनसलं की तिसऱ्या मुलीला उद्देशून, "तिला सांग, वही दे म्हणावं." गावाकडे मुलं एकमेकांना बापाच्या नावाने हाक मारतात. बाळासाहेबांच्या पोराला अख्खा वर्ग "ए बाळासाहेब!" म्हणतो, तो चिडतो, मग हसतो, मग तेच त्याचं नाव होतं. आता त्याचे वडील वारले असं समजा. तेरावा झाल्यावर तो पहिल्यांदा शाळेत येतो. टोळी फाटकाशी उभी आहे आणि कोणालाच त्याला हाक मारता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या नावाने त्याला वर्षानुवर्षं कोणी हाक मारलेलीच नाही. हा प्रसंग ज्यांना लिहायचा असेल त्यांनी खुशाल घ्यावा. फक्त पहिली हाक कोण मारतं आणि काय म्हणून मारतं, ते नीट शोधा.

शिव्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. मुलं देतात, हे खरं. पण छापील पानावर शिवी दहापट जड होते. एखादी, जिथे तिच्यावाचून वाक्य खोटं होईल तिथे ठेवा.

पाचवी पायरी: तडा लहान ठेवा

नवखे लेखक मैत्री तोडायला अपघात, चोरीचा आळ किंवा दोघांना आवडणारी एकच मुलगी आणतात. प्रत्यक्षात एवढं लागत नाही. मुलांना विचारून बघा, तुमची घट्ट मैत्री कशावरून तुटली. कोणी सांगेल, त्याने सहलीत खिडकीची जागा दुसऱ्याला धरली. कोणी सांगेल, व्हॉट्सॲपवर माझ्याशिवाय नवा ग्रुप केला आणि जुन्यात कोणी बोलेनासं झालं. मोठ्यांना हे पोरकट वाटतं, पण वयाच्या तेराव्या वर्षी ती जागा आणि तो ग्रुप हेच सगळं जग असतं.

आमच्या दोघींचा तडा असा पडतो. एप्रिलमध्ये रेखा परत येते. अश्विनीच्या बाकावर आता कोमल बसते, ग्रामसेवकाची मुलगी. रेखाने येताना अश्विनीसाठी गुळाची छोटी भेली आणलेली आहे, गुऱ्हाळावरून मागून घेतलेली, ओढणीच्या तुकड्यात बांधलेली. मधल्या सुट्टीत ती गाठ सोडते. कोमल वाकून बघते आणि विचारते, "हा एवढा काळा का गं?" आणि अश्विनी हसते.

एवढंच. रेखा काही म्हणत नाही. ती गुळाचा खडा फोडून दोघींना देते, स्वतः खाते आणि हात झाडून उठते. अश्विनीला त्या दिवशी काही झालं आहे हेसुद्धा कळत नाही. कळतं ते चार दिवसांनी, शाळा सुटल्यावर ओढ्यापाशी रेखा थांबलेली नसते तेव्हा.

असा प्रसंग लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. एक, तो एका पानाच्या आत संपवा, रेंगाळलात की त्याचं नाटक होतं. दोन, ज्याच्याकडून चूक होते त्याला दुष्ट करू नका. अश्विनी हसली कारण कोमल हसत होती, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं. तीन, तो प्रसंग वाचकाने आधी प्रेमाने बघितलेल्या एखाद्या वस्तूवर घडवा. त्यासाठी भेली मागच्या प्रकरणात येऊन गेलेली हवी. हात कापलेले असताना रेखा ती रात्री कोपीत उशाशी जपून ठेवते, असं वाचकाने आधी पाहिलेलं असेल, तरच अश्विनीचं हसणं त्याला लागेल.

तड्यानंतर दोघी लगेच एकमेकींना टाळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. एकजण सांधायला जाते तेव्हा दुसरी रागात असते आणि दुसरी मवाळ होते तेव्हा पहिलीचा अभिमान जागा झालेला असतो. ही चुकामूक दोन-तीनदा घडू द्या. कादंबरीचा मधला भाग त्यावरच पेलला जातो.

सहावी पायरी: मोठी माणसं हवीतच, पण वाट काढून देणारी नकोत

मुलांच्या कादंबरीत बरेचदा आईवडील गायब असतात, नाहीतर सगळं समजावून सांगणारे एखादे सर असतात. दोन्ही टाळा. मोठ्या माणसांना त्यांची स्वतःची कामं आणि काळज्या द्या. अश्विनीच्या आईला रेखा आवडते, पण दुकानाची उधारी रेखाच्या घराकडे थकलेली आहे आणि ती उचलीतून फिटायची आहे. म्हणून तिच्या "ये गं बाई" मध्ये एक कंगोरा आहे. तो अश्विनीला जाणवतो, त्याचं कारण तिला कळत नाही.

रेखाचं लग्न ठरवण्याची भाषा घरात निघाली, तर ती गोष्ट अलगद हाताळा आणि कायदा नीट माहीत करून घ्या. मुलीचं लग्नाचं वय १८ आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने त्याआधी लग्न लावणारेही गुन्हेगार ठरतात. लैंगिक अत्याचाराचा धागा घेतलात, तर २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू होतो आणि ज्याला असा प्रकार माहीत आहे त्याने तो कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. हे सगळं पात्राच्या तोंडून पाठ म्हणून वदवू नका. शाळेच्या भिंतीवर तो नंबर रंगवलेला असतो. अश्विनी रोज त्याच्यासमोरून जाते आणि एक दिवस थांबून तो वहीच्या मागच्या पानावर उतरवते. वाचणाऱ्या मुलीला तो तेवढ्याने लक्षात राहील आणि कदाचित कधीतरी उपयोगी पडेल. हे मी फार गांभीर्याने सांगते आहे, कारण आपली वाचक खरोखरच त्या वयाची आहे.

शरीरातले बदल, कोणाबद्दल वाटणारी ओढ, हेही सरळ लिहा. मिसरूड, फुटलेला आवाज, पाळीच्या दिवसांत पांढऱ्या सलवारीची धास्ती. ओढ दाखवायला नजर चुकवणं, गॅदरिंगला पडद्यामागे अंधारात शेजारी उभं राहणं पुरतं. त्यापुढे जाणं या वयाच्या पुस्तकात नको, हे माझं ठाम मत आहे.

सातवी पायरी: बांधणी आणि लांबी

इथे फार सांगण्यासारखं नाही. तीस ते चाळीस हजार शब्द पुरे झाले. प्रकरणं दोन हजारांच्या आसपास ठेवा, म्हणजे एका तासिकेत वाचून होतात. प्रत्येक प्रकरणात दोघींपैकी कोणीतरी काहीतरी करायला हवं, नुसतं मनात वाटत राहू नये. आख्खी कादंबरी हातात घेण्याआधी त्यातला एक प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून लिहून बघा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, साधना साप्ताहिक दिवाळीला बालकुमार अंक काढतं. दिवाळीसाठी पाठवायचं असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मजकूर तयार हवा.

आठवी पायरी: शेवट

समेट करून द्यावासा वाटेल. मुलांनाही तो हवा असतो. पण दहावीनंतर बहुतेक मैत्र्या भांडून संपत नाहीत, रस्ते वेगळे होतात म्हणून विरतात आणि हे मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा ताजं माहीत असतं. म्हणून शेवट असा शोधा की दोघी पूर्वीसारख्या झालेल्या नाहीत, तरी एकीने दुसरीसाठी एक गोष्ट केली आहे आणि ती गोष्ट आधीच्या कुठल्यातरी पानावरची आहे. नवं पात्र, नवी बातमी, सरांचं भाषण यातलं काही शेवटच्या प्रकरणात आणू नका.

नववी पायरी: मुलांना वाचून दाखवा

खर्डा मित्रांना दिलात तर ते छान म्हणतील. तो मुलांसमोर मोठ्याने वाचा. शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घ्या, आठ-दहा मुलं पुरेत, शिक्षक वर्गात नसले तर अधिक बरं. हातात पेन्सिल ठेवा. ज्या ओळीला मुलं चुळबुळतात तिथे समासात टिंब काढा. जिथे हसणं अपेक्षित नव्हतं आणि हसली, तिथे फुली. "आवडलं का?" हा प्रश्न विचारू नका, ती हो म्हणतील. "पुढे काय होईल?" आणि "कोणाचा राग आला?" हे विचारा. माझ्या पहिल्या वाचनात सगळ्यांना राग कोमलचा आला. याचा अर्थ मी कोमलला खलनायिका केली होती. मग तिच्यासाठी एक प्रकरण वाढवलं, ज्यात वडिलांच्या बदल्यांमुळे ती नववीपर्यंत चार शाळा फिरलेली आहे हे कळतं. पुढच्या वाचनात राग अश्विनीवर आला आणि त्यानंतर वर्ग थोडा वेळ गप्प बसला.

मुलांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवा, भाषा सुधारू नका. कादंबरी संपली असं मला वाटत होतं, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने दारात गाठून विचारलं, "ताई, रेखानं ते कर्कटक परत आणलं का?"

मी कर्कटक विसरूनच गेले होते. त्या रात्री शेवटचं प्रकरण काढून टाकलं आणि नवीन लिहिलं. वार्षिक परीक्षा, भूमितीचा पेपर. रेखाला शेवटचा बाक मिळाला आहे, अश्विनी मधल्या रांगेत. दोघी बोलत नाहीत. मागून पुढे, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, एक कर्कटक येतं. त्याच्या टोकाला गंज आहे. अश्विनी ते ओढणीला पुसते आणि वर्तुळ काढायला घेते.